एफवाय आणि वस्तीची गाडी: अप-डाऊन करू की खोली घेऊ?

मुचकुंदीकाठची
२० जुलै, रात्री ९:५०

नमस्कार. वर्षभर इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी रत्नागिरीत एफवायबीएस्सीला आहे. घर पूर्णगडच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून आत दहा मिनिटांच्या पाखाडीवर (दगडी पायऱ्यांची पायवाट). बारावीपर्यंत कॉलेज जवळ होतं, चालत जायचे. आता रोज रत्नागिरी. आमच्याकडे रात्री वस्तीला येणारी गाडी सकाळी सहाला सुटते. पावस, गोळप, फणसोप करत भाट्याच्या पुलावर येईपर्यंत सव्वासात, पाऊस असला की साडेसात. स्टँडवरून कॉलेज चालत वीस मिनिटं. आणि पहिलं लेक्चर साडेसातला! म्हणजे मी रोज ‘मे आय कम इन’वालीच. लेक्चर्स बाराला संपतात, पण मंगळवारी आणि गुरुवारी माझ्या बॅचचं प्रॅक्टिकल अडीच ते साडेपाच. पाचची गाडी गेलेली असते, मग थेट सव्वासातची, तीच वस्तीची. घरी पोचते पावणेनऊला. जेवून जर्नल उघडलं की डोळे मिटतात.

पैशाचं सांगायचं तर बाबा बोटीवर खलाशी आहेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. आणि अॅडमिशन नेमकी त्याच दिवसांत. फी बोटमालकाकडून उचल घेऊन भरली. बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट होता, आता तोही नाही.

वर्गातली एक मैत्रीण म्हणते तिच्या खोलीत एक कॉट रिकामी आहे. महिना बावीसशे, डबा वेगळा, डिपॉझिट दोन महिन्यांचं. आईला विचारलं तर म्हणाली, “तुला काय झेपेल ते तू बघ बाय.” आमच्याकडे याचा अर्थ नाही असा होतो.

कुणी असं तीन वर्षं केलंय का? झेपतं का?


लाल_डबा
२० जुलै, रात्री १०:१५

लांजा-रत्नागिरी तीन वर्षं केलं. झेपतं. पहिले दोन महिने मरण येतं, गणपतीनंतर शरीराला सवय होते. खिडकीला डोकं टेकून झोपायची कला जमली की अर्धी डिग्री हातात.


विरारकर
२० जुलै, रात्री ११:०२

आम्ही पाच वर्षं विरार-चर्चगेट केलंय, तेसुद्धा उभ्याने. सव्वा तासाचं काय कौतुक. बसायला सीट मिळते ना?


लाल_डबा
२० जुलै, रात्री ११:०९

भाऊ, तुमची एक लोकल चुकली तर दहा मिनिटांत दुसरी. वस्तीची गाडी चुकली तर दुसरी उद्या.


खाजेवाला
२१ जुलै, सकाळी ७:३०

गो बाय, मी मालवणसून कणकवलीक जाय होतंय, माका सगळा ठाऊक आसा. तुझो प्रश्न खोलीचो नाय. तुझो प्रश्न साडेसातच्या तासाचो आणि अडीचच्या प्रॅक्टिकलाचो आसा. ह्ये दोन सुटले तर बावीसशे वाचतत. आधी थय बघ, मगे खोली.

(प्रमाण मराठीवाल्यांनी आपापल्या जबाबदारीवर वाचावे.)


निवृत्त_ब्युरेट
२१ जुलै, सकाळी ९:४५

खाजेवाल्यांनी मुद्दा बरोबर धरला. मी तीसेक वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, कोकणातच. तुमच्यासारख्या मुली दर वर्षी पाहिल्या, म्हणून थोडं लांबण लावतो.

पहिली गोष्ट बॅचची. प्रॅक्टिकलच्या बॅचेस रोल नंबरवर पाडतात, त्यात कुणाचं घर कुठे हे कुणी बघत नाही. दुपारच्या जेवणानंतर लगेच सुरू होऊन साडेतीनला सुटणारी बॅच बहुतेक ठिकाणी असतेच. त्या बॅचमधला शहरात राहणारा एक मुलगा किंवा मुलगी शोधा, ज्याला उशिराची वेळ चालेल. दोघांनी मिळून एकच अर्ज करायचा, दोघांच्या सह्या. “माझी बॅच बदला” असा एकटीचा अर्ज आला की विभागप्रमुखाला कटकट वाटते. जोडीने अदलाबदल मागितली तर त्याला फक्त दोन नावं खोडून लिहायची असतात. मी स्वतः असे अर्ज उभ्या उभ्या मंजूर केलेत. फक्त जुलैतच करा. ऑगस्ट उजाडला की याद्या पक्क्या होतात.

प्रॅक्टिकलला एवढा वेळ का, तेही समजून घ्या म्हणजे राग कमी येईल. नव्या शैक्षणिक धोरणात एका सत्राला २२ क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, पण प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास. दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल म्हणजे ६० तास झाले. पंधरा आठवड्यांत वाटले तरी आठवड्याला चार. सकाळच्या वेळापत्रकात ते मावत नाहीत, म्हणून दुपारवर ढकलतात.

दुसरी गोष्ट हजेरीची. ७५ टक्क्यांचा नियम गंमत म्हणून घेऊ नका. पहिल्या लेक्चरच्या सरांना किंवा मॅडमना एकदा भेटून गाडीची वेळ सांगा. दारात उभं राहून नको, स्टाफरूममध्ये जाऊन. पासाची झेरॉक्स दाखवा. उशिरा येणारी आणि दांडी मारणारी यातला फरक शिक्षकाला कळतो, पण तो त्याला कुणीतरी सांगावा लागतो.


मुचकुंदीकाठची
२१ जुलै, रात्री ९:२०

सर, खूप आभार. स्टाफरूममध्ये जायची भीती वाटते हो. तिथे सगळे एकदम वर बघतात.

क्रेडिटचं आता कळलं. आम्हाला पहिल्या दिवशी सगळं एका दमात सांगितलं, मेजर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी. मी वहीत उतरवून घेतलं आणि घरी जाऊन बाबांना वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, “ही काय बोटींची रजिस्टर नंबरं हायत काय?” ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेचंच घ्यावं लागतं म्हणून मी कॉमर्सकडचं घेतलंय. कधी नव्हे ते डेबिट-क्रेडिट शिकतेय आणि खरं सांगू, केमिस्ट्रीपेक्षा तेच आवडायला लागलंय. बोटमालकाच्या उचलीचा हिशेब मी आता वहीत दोन बाजूंना लिहिते.


कॉट_नंबर_तीन
२२ जुलै, दुपारी १:१०

मी खोलीवाली पार्टी. दापोलीकडची, रत्नागिरीत दोन वर्षं कॉट बेसिसवर काढली. आता नोकरीला आहे. खोलीचं चित्र इथे कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही, म्हणून सांगते.

एका खोलीत चार कॉट, एक टेबल, एक प्लग. प्लगवरून दर रात्री भांडण. पाणी पहाटे साडेपाचला यायचं, तासभरच. आठवड्याचा तक्ता होता, ज्या दिवशी ज्याची पाळी तिने उठून पिंप भरायचं. म्हणजे तुझी सहाची गाडी चुकते म्हणून तू खोली घेशील आणि साडेपाचला उठून पाणी भरशील. मालकीणबाई चांगल्या होत्या पण सातनंतर फाटक बंद. गॅदरिंगची प्रॅक्टिससुद्धा अर्धी सोडून यायला लागायचं. डब्यात आठवड्यातून चार दिवस वाटाण्याची उसळ. पावसाळ्यात घरून आईने सुकट दिली होती, ती परतायची तर खोलीत गॅस नाही. कागदात गुंडाळून ठेवली, दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी आणि रूममेटने मिळून निकाल लावला.

तरी मी म्हणेन घे. का ते सांगते. अप-डाऊन करणाऱ्या मुलींना कॉलेज फक्त वर्गापुरतं मिळतं. बारा वाजले की त्यांचं अर्धं लक्ष स्टँडकडे. आमच्या वर्गात तुझ्यासारखी एक होती, हुशार, तीन वर्षांत तिने एकदाही गॅदरिंग बघितलं नाही. मला मांडवीच्या जेट्टीवर संध्याकाळी बसून केलेल्या गप्पा आठवतात. तिला गाडीचे नंबर पाठ होते.


लाल_डबा
२२ जुलै, दुपारी १:४०

असं काही नाही. आमची सगळी दोस्ती गाडीतच झाली. मागची लांब सीट म्हणजे आमचं कँटीन. माझं लग्नसुद्धा गाडीतल्या ओळखीतून ठरलं (अवांतर).


कॉट_नंबर_तीन
२२ जुलै, दुपारी १:४४

मागची लांब सीट मुलग्यांना मिळते, दादा. मुली कंडक्टरच्या मागे बसतात. तुम्हाला ते दिसलं नसेल.


लाल_डबा
२२ जुलै, दुपारी २:०५

हे खरंय. मान्य.


पिवळा_दिवा
२३ जुलै, रात्री ८:३०

मी एसटीत वाहक होतो, आता निवृत्त. वस्तीच्या गाडीवर बरीच वर्षं होतो. रात्री देवळात किंवा शाळेच्या ओट्यावर झोपायचं, सकाळी कुणीतरी चहा आणून द्यायचं. तेव्हा मुलीच्या वेळेचं थोडं बोलतो.

सहाची गाडी पावणेसहाला काढणं अवघड नाही, पण ड्रायव्हर-कंडक्टर आपल्या मनाने काढू शकत नाहीत. वेळ आगारात ठरते. आगार बघतं भारमान, म्हणजे गाडी किती भरते ते. फेरीचं भारमान बरं असेल तर पंधरा मिनिटं अलीकडे घ्यायला कुणाची हरकत नसते. उलट पासधारक विद्यार्थी जास्त असले तर फेरी बंद पडायची भीती कमी होते. म्हणून असं कर. तुझ्या मार्गावरच्या सगळ्या कॉलेजच्या पोरांची नावं, पास नंबर, थांबा अशी यादी कर. ग्रामपंचायतीचा ठराव जोड. आगार व्यवस्थापकांच्या नावाने अर्ज, दोन प्रती, एकीवर आवक नंबर आणि शिक्का घ्यायचा. शिक्का नसला की कागद म्हणजे पतंग. एका गावच्या दहा सह्यांपेक्षा चार थांब्यांवरच्या चाळीस सह्या जास्त चालतात.

पासासाठी स्टँडवर रांग लावू नकोस. कॉलेजने यादी दिली की पास कॉलेजातच देतात. आणि रोज महिलांचं अर्धं तिकीट काढत असशील तर थांब. अर्ध्या तिकिटात शंभराचे पन्नास जातात, विद्यार्थी पासात सवलत ६६.६७ टक्के, म्हणजे शंभराला तेहतीस-चौतीस. बऱ्याच मुलींना हे माहीत नसतं, महिला सवलत मार्च २०२३ मध्ये आली तेव्हापासून सगळ्या अर्धंच फाडतात.


मुचकुंदीकाठची
२३ जुलै, रात्री ९:०५

अय्यो काका. मी आख्खा महिना अर्धं तिकीटच काढत होते. आई कपाळाला हात लावून बसली आहे.

आमच्या गाडीचे ड्रायव्हरकाकासुद्धा असेच चांगले आहेत. सकाळी पाखाडीवरून उतरताना आई वरून बॅटरी दाखवते. बॅटरी हलताना दिसली की काका गाडी सोडत नाहीत, हॉर्न देतात फक्त. एकदा मी आजारी होते, तर आईने मुद्दाम पाखाडीच्या टोकाला येऊन ओरडून सांगितलं, “आज येत नाय वो!”


सेतूवाला
२४ जुलै, सकाळी ११:००

ताई, बाबांची परिस्थिती वाचून लिहितो. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या पोर्टलवर, शिष्यवृत्तीचा किंवा फी सवलतीचा अर्ज भरलात का? आमच्या केंद्रात दर वर्षी तेच होतं, पोरं दिवाळीनंतर उगवतात. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा, तहसीलला गर्दी व्हायच्या आत. खलाशी कामाची स्लिप नसते, तेव्हा तलाठ्याकडचा उत्पन्न अहवाल लागेल. दुसरं, पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जातात असा सगळ्यांचा समज असतो. डीबीटीचे पैसे आधारला शेवटचं जे खातं जोडलंय त्यात जातात. शाळेत असताना काढलेलं शून्य शिलकीचं खातं जोडलेलं असेल आणि ते बंद पडलं असेल तर रक्कम परत फिरते. बँकेत जाऊन एकदा तपासा. डिजिलॉकरवरून एबीसी आयडीही (क्रेडिट जमा होतात त्या खात्याचा नंबर) काढून ठेवा, कॉलेज मागेलच.


विरारकर
२४ जुलै, दुपारी १२:२०

परवाचा माझा प्रतिसाद मागे घेतो. पाखाडी, बॅटरी वगैरे माझ्या डोक्यात नव्हतं. कुणी रत्नागिरीतलं सांगेल का, लेक्चर ते प्रॅक्टिकल मधले अडीच तास पोरीने बसायचं कुठे?


मिऱ्यावरून
२४ जुलै, दुपारी ३:५०

नगर वाचनालय. १८२८ सालचं आहे, महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं म्हणतात. मी तिथे पेपर वाचत मोठा झालो. पंखा आहे, शांतता आहे, आणि डुलकी लागली तर कुणी उठवत नाही, फक्त घोरायचं नाही. कॉलेजची लायब्ररीही चालेल पण तिथे ओळखीचे भेटतात आणि अभ्यास होत नाही. भाट्याच्या सुरूच्या बनात मात्र पावसाळ्यात एकटीने जाऊ नको.


मुचकुंदीकाठची
७ ऑगस्ट, रात्री ९:४०

उशीर झाला कळवायला. मधे एक भानगड झाली.

गेल्या मंगळवारी गाडी खच्चून भरलेली. माझ्या शेजारी मासेवाली काकू, मांडीवर रिकामी पाटी, हातात छत्री. ती छत्री भाट्यापर्यंत माझ्या सॅकवर गळत होती आणि मला कळलंच नाही, मी झोपलेले. सॅकमध्ये केमिस्ट्रीचं जर्नल, दोन प्रॅक्टिकल्स लिहिलेली, सर्टिफाय करून घ्यायची होती. शाईच्या पेनाने लिहिलं होतं (हस्ताक्षर चांगलं येतं म्हणून, शहाणपणा!). टायट्रेशनचा आख्खा तक्ता निळा ढग. रीडिंग एकही शिल्लक नाही. त्या प्रॅक्टिकलला माझा एंड पॉइंट (रंग बदलतो तो नेमका थेंब) तिन्ही वेळा फिकट गुलाबी आला होता हो, सरांनी बाजूच्या बॅचला बोलावून दाखवला होता. थेंबाथेंबाने सोडून अर्धा तास ब्युरेटकडे बघत उभी होते. आणि पुराव्याला काय, तर निळा ढग.

घरी आणलं तर आईने चुलीवरच्या फळीवर वाळत घातलं. तिथेच पावसाळ्यासाठी सुके बोंबील ठेवलेत. दोन दिवसांनी जर्नल कडक वाळलं, पापडासारखं वाजत होतं. सरांनी उघडलं, नाकाजवळ नेलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “सर, गाडीत भिजलं, चुलीवर वाळवलं.” सर म्हणाले, “बोंबील की सोडे?” आख्खी लॅब हसली. मग म्हणाले कच्च्या वहीतली रीडिंग दाखव. ती बॉलपेनची होती, शाबूत होती. पुन्हा लिहून आणायला सांगितलं, मार्क कापले नाहीत.

त्या हसण्यातच मला बोलायचं धैर्य आलं. लॅब सुटल्यावर तिथेच बॅचचा विषय काढला. यादी महिनाअखेरीलाच पक्की झालीय म्हणाले (निवृत्त_ब्युरेट सर, तुम्ही सांगितलं होतं, माझीच चूक). पण मंगळवारची अदलाबदल करून दिली, मारुती मंदिरजवळ राहणारी एक मुलगी तयार झाली, तिला सकाळी क्लास असतो. मंगळवारी आता साडेतीनला सुटते. गुरुवार तसाच आहे.


निवृत्त_ब्युरेट
८ ऑगस्ट, सकाळी ८:१५

बॉलपेन. नेहमी बॉलपेन. आणि जर्नल जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत. हे मी पहिल्याच प्रतिसादात लिहायला हवं होतं.

फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला असेल तर तुमचा हात चांगला आहे. तो कच्च्या वहीतही दिसतो.


खाजेवाला
८ ऑगस्ट, सकाळी ८:४०

बोंबलाचो वास येता तो जर्नल खरो. नाय तर सगळी कॉपी मारलेली.


एटीकेटी_सम्राट
८ ऑगस्ट, सकाळी १०:३०

हा धागा वाचून मला माझं एफवाय आठवलं. दोन विषय राहिले होते, गणपतीत आरत्या म्हणून आवाज बसला होता आणि अभ्यास तर त्याआधीच बसला होता. ताई, गणपतीच्या सुट्टीच्या आधी जे काय लिहायचं ते लिहून टाक. सुट्टीत घरात पंधरा माणसं आणि तुझ्या वाट्याला मोदक वळणं, हे धरून चाल.


मुचकुंदीकाठची
१४ सप्टेंबर, रात्री ९:१०

एटीकेटी_सम्राट, मोदक वळले. एकशे सत्तर.

बरेच जण विचारत होते म्हणून लिहिते. पास काढला. दाखला मिळाला, अर्ज भरला, बँकेत गेले तर सेतूवाले दादा म्हणाले तसंच निघालं, आधारला शाळेतलं खातं जोडलेलं होतं आणि ते बंद. बदलून घेतलं. कमी हजेरीवाल्यांच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये माझं नाव लागलंच, सातवं. पहिल्या लेक्चरच्या मॅडमना भेटून पास दाखवला. त्या म्हणाल्या, आधी का नाही आलीस, मला वाटायचं तू कँटीनमधून येतेस.

खोलीचं असं ठरलंय. बाबा १ ऑगस्टपासून परत बोटीवर जातात, उचल फिटतेय. दिवाळीनंतर, परीक्षेपुरती दोन महिने कॉट घ्यायची, तीसुद्धा फक्त बुधवार-गुरुवारच्या मुक्कामासाठी दुसऱ्या एका मुलीबरोबर वाटून. मालकीणबाईंना पटवायचं काम मैत्रिणीकडे आहे. कॉट_नंबर_तीन ताई, गॅदरिंग बघणार मी यंदा, प्रॉमिस.


पिवळा_दिवा
१४ सप्टेंबर, रात्री ९:३५

गाडीचं काय झालं?


मुचकुंदीकाठची
१४ सप्टेंबर, रात्री ९:५२

काका, सही करणारे त्रेपन्न झाले. ग्रामपंचायतीचा ठराव जोडून कागद दिला, आवक नंबर मिळाला, शिक्का घेतला. ती प्रत जर्नलच्या पिशवीतच ठेवलीय.

सहाची गाडी अजून सहालाच सुटते. झोपते आता. बॅटरीचे सेल संपत आलेत, आज सकाळी काकांना दिसलं नाही, आई ओरडत खाली आली.